सातवी बाहुली आणि आईची झोप

बसवनगुडी, बेंगळूरु
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

ती. श्रीविद्याअक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे रविकिरणचा, कंबर जेवढी वाकते तेवढा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तिकडे पुण्यात तू बरी असशील, अभिमन्यू भाऊजींचा गुडघा त्यांना जिने चढू देत असेल आणि तुला रात्री झोप नीट लागत असेल अशी आशा करतो. (झोपेचं मुद्दाम विचारतोय. उत्तरात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, तेवढं मात्र लिही.) फोन हातात असताना हे पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. एक म्हणजे, माझ्या खेळण्यांचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज जाते. दुसरं म्हणजे, आपल्या घरात आता चोवीस तास एक माणूस जागं असतं आणि त्याचे कान तुला माहीत आहेत. ते माणूस म्हणजे आई. तिच्याविषयीच लिहायचंय, पण त्याला सुरुवात खेळण्यांपासूनच करावी लागेल. पत्र फाडू नकोस.

प्लास्टिकच्या विटा जोडून घरं, गाड्या, किल्ले करायचे आणि त्यात अंगठ्याएवढी बाहुली उभी करायची, हा माझा छंद. पन्नाशीला आलेल्या माणसाला तो शोभत नाही हे तुझं मत मला पाठ आहे. पण या गावात माझ्यासारखे बरेच आहेत आणि आमचा फोनवर एक ग्रुप आहे, नाव ‘वीटभट्टी’. तिथे आम्ही विटा जोडतो कमी आणि मतं जास्त मांडतो. कंपन्या सिनेमांचे, मालिकांचे परवाने घेऊन त्यातल्या पात्रांच्या बाहुल्या काढतात. त्या बाजारात यायच्या आधी कुठूनतरी एखादा धूसर फोटो फुटतो, आणि मग आमच्यात जी जुंपते तशी जमिनीच्या वाटणीतही जुंपत नसेल. नायिकेला मागच्याच सेटमधला केसांचा टोप दिला. पायांवर छपाईच नाही, नुसते काळे पाय. खलनायक फक्त महागड्या सेटमध्येच का? वाडा केवढा करडा! चिकपेटेत साड्यांचं घाऊक दुकान असलेला नागराज रंगांवर बोलतो आणि तिकडे त्याचं गिऱ्हाईक तिष्ठत असतं. तुमच्या पुण्याहून नोकरीला आलेला आणि राजाजीनगरात राहणारा प्रणीत तर कुठल्याही नव्या फोटोवर पहिला शब्द ‘फेक’ असाच लिहितो, मग फोटो बघतो.

गेल्या दसऱ्यापासून आमचं सगळं भांडण एकाच आगामी सेटवरून चाललंय. भुताच्या एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेतला वाडा आणि त्याबरोबर सात बाहुल्या. सहांची नावं आम्हाला माहीत आहेत. सातवी कोण ते कुणालाच कळत नाही, कारण फुटलेल्या फोटोत तिच्या जागी नुसता हिरवा डाग दिसतो आणि वर पांढरं काहीतरी. मालिकेत तसं कुणी नाहीच. कुणी म्हणालं स्वयंपाकीण, कुणी म्हणालं चेटकीण. मी चेटकिणीच्या बाजूनं मत दिलं. (हे आईला कधीही सांगू नकोस. कारण पुढे कळेल.)

आता दसऱ्याचं. गेल्या वर्षी श्रावणात तू आलीस आणि जाताना आईच्या माहेरचे ते रक्तचंदनाचे राजाराणी घेऊन गेलीस, तुमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली शोभतील म्हणून. आई हो म्हणाली. आई तुला कधी नाही म्हणाली आहे? मग नवरात्रात बाहुल्या मांडायची वेळ आली (आपली सगळी गल्ली गोंबेहब्बाच्या, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या सणाच्या, तयारीत होती) आणि वरची पायरी रिकामी. घरचा देव्हारा रिकामा दिसावा तसं ते दिसत होतं, मला बघवेना. म्हणून मी माझ्या किल्ल्याच्या सेटमधले राजा आणि राणी, त्यांच्या पारदर्शक पेटीसकट, तिथे ठेवून दिले. आई हसली, राजा तो राजा म्हणाली. नऊ दिवस हळदकुंकवाच्या बायकांनी त्यांचं कौतुक केलं. विजयादशमीच्या संध्याकाळी आई रीतीप्रमाणे त्यांना निजवायला आली. तुला माहीतच आहे, राजाराणीला आडवं करायचं, वर फडकं घालायचं, की सगळ्या बाहुल्या झोपल्या आणि घर मोकळं झालं. मी आईचा हात धरला. बोटाच्या तेलानं छपाई उडते, आमच्यात बाहुल्याला उघड्या हातानं शिवत नाहीत. तू राहू दे, मी निजवतो म्हणालो. आणि नेमका त्याच वेळी तो सात बाहुल्यांचा फोटो फुटला! मी फोन घेऊन बसलो तो बसलोच. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बाहुल्या ट्रंकेत गेल्या, आणि माझे राजाराणी पेटीसकट हॉलमधल्या फळीवर परत आले, उभेच्या उभे. आई एवढंच म्हणाली, “राजाराणी निजल्याशिवाय घर निजत नाही रे.” मी सरी सरी, बरं बरं म्हणालो आणि नागराजला उत्तर लिहिलं.

तेव्हापासून आई झोपलेली नाही. तुला मी फोनवर ‘झोप जरा कमी झालीय’ असं सांगत आलो, ते खोटं नव्हतं पण अगदीच अपुरं होतं. ती झोपतच नाही. आजारी नाही, थकत नाही, चिडत नाही. डॉक्टर म्हणतात वयोमानानं होतं. गोळ्या दिल्या तर आईनं त्या खाल्ल्या आणि जास्त उत्साहानं कामाला लागली. परिषेतून, म्हणजे शेंगांच्या जत्रेतून, आणलेलं कडलेकाईचं पोतं एका रात्रीत सोलून झालं. वाती एवढ्या वळल्यात की बुल टेंपल रोडवरच्या देवळांना वर्षभर पुरतील. आश्लेषा (तुझी भावजय माझ्यापेक्षा शूर आहे) पहिल्या महिन्यात म्हणाली, बरं झालं, राखण होते. आता ती म्हणत नाही. सकाळी उठून हॉलमध्ये यावं तर आई खुर्चीत ताठ बसलेली असते, आणि माझ्या फळीवरच्या राजाराणीची तोंडं, जी मी रस्त्याकडे करून ठेवलेली असतात, ती तिच्याकडे वळलेली असतात. पेटी बंद. झाकणावरची धूळ जशीच्या तशी. पहिल्यांदा मी मोलकरणीवर संशय घेतला, मग मांजरावर. आपल्याकडे मांजर नाही.

आणि गेल्या आठवड्यात त्या बंद पेटीत तिसरं बाहुलं आलं.

अक्का, मी घाबरट आहे हे तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलीस, पण माझ्या जागी तू असतीस तर तूही भाऊजींना हाक मारली असतीस. हिरवं इरकली लुगडं, तांबडे काठ, पांढरा अंबाडा. चष्मा, आणि चष्म्याच्या उजव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला, तोही छापलेला. आईचा चष्मा तू पाहिलायस, काडी मोडल्यापासून दोऱ्यावर चालू आहे. मी पेटीवर वर्तमानपत्र टाकलं, दोन घोट पाणी प्यायलो आणि मग जे करू नये ते केलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती आमची सातवी बाहुली होती, हिरव्या डागासकट. आणि ग्रुपचं एकमत झालं की ती नकली आहे. प्रणीतनं लिहिलं, “दादा, हंड्रेड पर्सेंट फेक. पायांवर एवढी छपाई कंपनी कधी करते का?” नागराजनं काठाचा रंग वाखाणला, पण असला माल चिकपेटेच्या मागच्या गल्लीत टोपलीनं मिळतो असंही ठणकावलं. एकानं भिंगातून पाहिल्यासारखं बारीक पाहून कंबरेपाशी निऱ्यांवर एक तपकिरी ठिपका शोधला आणि कंपनीची छपाई कशी घसरत चाललीय यावर निबंध लिहिला. म्हणजे एकाच दमात बाहुली नकलीही होती आणि कंपनीचा दर्जाही घसरला होता! मी आत जाऊन आईचं लुगडं पाहिलं. निऱ्यांवर ठिपका नव्हता. इतकं हायसं वाटलं की मी सगळ्यांना कॉफी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करताना उदबत्तीचा निखारा पडून आईच्या निऱ्यांवर भोक पडलं. तपकिरी कडांचं, बरोबर तिथेच.

आम्ही वर्षभर ‘आगामी, आगामी’ म्हणून कंठशोष करतो, पण त्या शब्दाचा अर्थ मला त्या सकाळी कळला. आता मुख्य गोष्ट ऐक. या बाहुल्यांच्या डोक्याला दोन चेहरे असतात, एक पुढे, एक मागे. मागचा केसांच्या टोपाखाली झाकलेला राहतो. टोप काढून डोकं फिरवलं की हसणारा माणूस रागावलेला होतो. मी चिमट्यानं अंबाडा उचलला. मागचा चेहरा आईचाच आहे आणि डोळे मिटलेले आहेत.

ते झोपेचे मिटलेले आहेत की कसले, हे मला कळेना. विचारणार कुणाला? डॉक्टरांना? शेवटी ग्रुपवरच विचारलं, आईचं नाव न घेता, सहज विचारावं तसं. अक्का, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न मी त्या लोकांपुढे ठेवला आणि ते आनंदानं तुटून पडले! प्रणीतच्या मते ती झोपच, कारण मुलांच्या खेळण्यात कंपनी मेलेलं माणूस देत नाही, तसं धोरणच आहे. (मला त्याला मिठी मारावीशी वाटली.) त्यावर कुणीतरी सांगाड्यांचा मुद्दा काढला. नागराजनं लिहिलं की पापणीची रेघ खाली वळली तर झोप, सरळ असली तर झोप नव्हे, तेव्हा जवळून फोटो टाका सर. मी भिंग घेऊन पाहिलं. रेघ एका डोळ्याची वळलेली आहे, दुसऱ्याची सरळ. मी ते कळवलं तर सगळे म्हणाले, छपाईचा दोष.

डोकं फिरवलं तर आई झोपेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उठेल का, हे ठाऊक नाही. आणि न फिरवावं तर ती अशीच ताठ बसून राहणार. काल तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “स्वल्प पडावंसं वाटतं रे. पण डोळे मिटतच नाहीत.” तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं. मी न्हाणीघरात जाऊन रडलो. बाकी पाऊसपाणी ठीक आहे, आश्लेषानं तुझ्यासाठी गोज्जूची, त्या आंबटगोड कालवणाची, पूड केलीय, भाऊजींना नमस्कार.

तुझा
रविकिरण

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. या दसऱ्याला तू ये आणि येताना आईचे राजाराणी घेऊन ये. ते तुझ्या कपाटात दिव्याखाली वर्षभर उभे आहेत, माझे फळीवर उभे आहेत; निजलेलं कुणीच नाही. खरे राजाराणी तिच्याच हातानं रीतसर आडवे होऊ देत. बाकी सगळं पत्र त्या एका मागणीसाठी आहे, हे तू पहिल्या ओळीतच ओळखलं असशील.

ता. क. दुसरा. हे पाकिटात घालणार तेवढ्यात आई आली. तिनं वर्तमानपत्र उचललं, (तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,) पेटी उघडली, हात न धुता बाहुली घेतली आणि म्हणाली, “सगळ्या गावाला विचारलंस, मला नाही विचारलंस होय रे?” मी नको नको म्हणेपर्यंत तिनं अंबाडा काढून डोकं फिरवलं. खुर्चीत टेकली आणि घोरायला लागली. वर्षभरानं ते घोरणं ऐकून मी आणि आश्लेषा दारात उभे राहून हसत होतो, रडत होतो. मग घोरणं थांबलं. कॉफीची वेळ टळली. हाका मारल्या, हलवलं, आश्लेषानं तोंडावर पाणी मारलं. शेवटी मी बाहुलीचं डोकं परत फिरवलं, तेव्हा आईनं डोळे उघडले आणि कॉफी गार झाल्याबद्दल मला बोल लावला. आता ती म्हणते, रोज दुपारी असंच करत जा, बरं वाटतं. अक्का, जो माणूस एका फोटोपायी दोन बाहुल्या आडव्या करायला विसरला, त्याच्या हातात हे रोजचं काम आलंय. दसऱ्याची वाट पाहू नकोस, आधी निघ.

ता. क. तिसरा. एवढी विनवणी उगीच केली. आत्ता पेटीत चौथं बाहुलं आलंय. तुझा टोप, पुढे तुझी पांढरी बट, हातात प्रवासाची बॅग. म्हणजे तू येणारच आहेस. येताना चष्मा सांभाळ, डाव्या काचेवर बारीक तडा छापलाय. फोटो ग्रुपवर टाकलेला नाही. ते छपाईचा दोष म्हणतील आणि मी विश्वास ठेवीन. मागचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. तू आलीस की दोघं मिळून पाहू.