खिडकीतली जांभळी फुलं

प्रिय भोंगाबाई,

रविवारी येते आहेस, म्हणून आजच लिहायला बसले. फोनवर बोलले असते, पण आईचे कान अजून तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत.

मी तिच्याकडे राहायला आलेय. माझ्या घराचे जिने आता गुडघ्यांना झेपत नाहीत, असं तिला सांगितलंय. ती तेलाची बाटली माझ्या हातात देते आणि वर टोमणा मारते, "सभा गाजवताना बरे दुखत नाहीत."

स्वयंपाकघराच्या खिडकीतलं आफ्रिकन व्हायलेट तूच आणलं होतंस. ऊन न येणाऱ्या खिडकीत काय फुलणार, म्हणून मी नाक मुरडलं होतं. आईने ते लेकरासारखं वाढवलं. लवदार पानांवर थेंब पडला की डाग पडतो, म्हणून कुंडीखालच्या बशीत पाणी ओतायची आणि उरलेलं आठवणीने काढून टाकायची. मी आले तेव्हा बशी तुडुंब होती. दुसऱ्या दिवशी तिने त्यात आणखी ओतलं. भरलेली बशी तिला दिसतच नव्हती. मुळं कुजली, रोप अलगद हातात आलं.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी नर्सरीत गेले. जांभळं नव्हतंच. फुललेलं एकच होतं, पांढरंशुभ्र. तेच जुन्या कुंडीत लावलं. उठल्यावर सांगणार होते. ती उठली, वाकली, पानांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "जांभळा रंग यंदा किती गडद आलाय बघ."

खरं तोंडावर बोला, गोड लागो वा कडू, हे आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले. त्या खिडकीशी मात्र म्हणाले, "हो गं, गडद आलाय."

डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची. आईलाही त्यांनी हे सांगितलंय. तिने मला बजावलं, "धाकटीला कळवू नकोस. नोकरी सोडून येऊन बसेल माझ्या उशाशी."

तरी कळवते आहे. रविवारी चप्पल काढायच्या आधीच ती तुला खिडकीशी ओढून नेईल. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. "अय्या, पांढरी कधीपासून?" असं तू बोलून गेलीस, तर ती त्या क्षणी म्हातारी होईल. रडायचं ते तिकडेच रडून घे. इथे आलीस की एवढंच विचार, "आई, इतकी जांभळी कशी गं आली यंदा?" आणि मग तिला पोटभर सांगू दे.

तुझीच,
ताई