पालथं पडून ऐकलेली कादंबरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं ऑपरेशन! ह्यांच्या उजव्या डोळ्यातला सुटलेला पडदा जागेवर बसवला आणि आत गॅसचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरणार म्हणे. पण त्यासाठी माणसानं आठ-नऊ दिवस पालथं राहायचं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, चालतानाही नजर पायांकडे. "उताणे झालात की बुडबुडा सरकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि पडदा पुन्हा सुटला तर दुसऱ्या वेळी मी खात्री देत नाही."

डावा डोळा लहानपणापासूनच अधू. त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. म्हणजे सगळी भिस्त ह्या एका डोळ्यावर.

आत नेण्याआधी मला म्हणाले, "जरा चष्मा काढ." काढला. तर बघतच बसले माझ्याकडे — टक लावून! नर्स तोंड फिरवून हसली. "अहो, काय हे चारचौघांत!" म्हटलं. "असू दे. बघू दे," म्हणाले. ही सवय जुनीच. नोकरीत होते तेव्हा रोज संध्याकाळी दारात एक बूट काढून, तो हातात धरून असेच बघत उभे राहायचे. मी म्हणायची, "दुसरा बूट काढा आधी, मग बघा काय बघायचं ते." आज घाबरले असतील बिचारे. मीही घाबरले होते, पण मी घाबरले की बडबडते, म्हणून कोणाला कळत नाही.

४ फेब्रुवारी

पलंगाच्या कडेला उशांची चळत, तिच्यावर कपाळ, तोंड खाली फरशीकडे. अशी आमच्या साहेबांची समाधी! बातम्या दोनदा ऐकून झाल्या. तिसऱ्यांदा लागल्या तेव्हा म्हणाले, "बंद कर, मला पाठ झाल्यात."

उभ्या आयुष्यात हा माणूस एका जागी बसलेला नाही. वजनमापांचे निरीक्षक — दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडायचे. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी पाय घरात ठरत नाहीत. दर दहा मिनिटांनी, "जरा पाठीवर होऊ का? मिनिटभर?" "नाही!" "अर्धा मिनिट?" "नाही म्हटलं ना!"

लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, तू इतकी वर्षं वाचनालयात काम करतेस, त्यांना काहीतरी वाचून दाखव की." मलाच कसं सुचलं नाही?

५ फेब्रुवारी

आज भलतंच झालं.

माझी सगळ्यात लाडकी कादंबरी काढली. वाचनालयात किती जणांना आग्रह करकरून दिली असेल! पहिली वीस पानं नदी, धुकं, काठावरचं घर, खिडकीतून येणारा उजेड. वाचताना मी त्या घरात जाऊन पोहोचते. ह्यांनी सुरुवातीलाच नाक मुरडलं होतं — "न घडलेलं कशाला ऐकायचं?" — पण नंतर गप्प झाले. मला वाटलं, रमले!

कसले रमले! घोरत होते. मी चहा टाकायला आत गेले, परत येते तर साहेब उताणे! चक्क छताकडे तोंड! मी अशी किंचाळले की शेजारची धावत आली. किती वेळ तसे होते, देव जाणे. दवाखान्यात फोन केला. "उद्या सकाळी घेऊन या, बघू."

बघू म्हणजे काय? जीव टांगणीला लागलाय नुसता.

६ फेब्रुवारी

पडदा जागेवर आहे. आहे! डॉक्टरीणबाईंचे हात हातात घेऊन मी तिथेच रडले. त्या म्हणाल्या, "काकू, हे नशीब समजा. पुन्हा होऊ देऊ नका. रात्री दोन्ही बाजूंनी उशा लावा आणि दिवसा त्यांना झोपू देऊ नका." म्हणजे आता माझ्यावर जबाबदारी — कंटाळा येऊ द्यायचा नाही. कंटाळले की झोपणार, झोपले की वळणार.

घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "इतकं सुंदर वर्णन चाललंय आणि तुम्हाला झोप येतेच कशी?"

"त्यात ऐकायचं काय असतं?"

"ऐकायचं नाही, बघायचं! ती नदी, ते धुकं — डोळ्यांसमोर उभं राहत नाही?"

"डोळ्यांसमोर म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही का ते घर?"

फरशीकडे तोंड केलेल्या ह्या माणसानं कपाळाखालची उशी सारखी केली. मग म्हणाला, "तुला खरंच दिसतं? मला वाटायचं, लोक आपलं बोलायचं म्हणून बोलतात."

मी थक्क! म्हटलं, "डोळे मिटा आणि आपलं स्वयंपाकघर आणा समोर." तर म्हणाले, "ओटा कुठे, खिडकी कुठे, कोणती बरणी फुटकी, सगळं सांगतो. ठाऊक आहे मला. पण दिसत बिसत काही नाही. डोळे मिटले की अंधार. सगळ्यांचं असंच असतं ना?"

एकतीस वर्षांचा संसार आणि हे मला आज कळतंय.

७ फेब्रुवारी

लेकीला फोनवर सगळं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणते, "अगं आई, मलाही नाही दिसत." घ्या!

"मग तू एवढ्या कादंबऱ्या वाचतेस त्या कशा?"

"मला ऐकू येतं. माणसं काय बोलतात, कोण काय लपवतंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय. डोंगर-नदी आली की मी पान उलटते."

पान उलटते! माझी पोर, माझ्याच हाताखाली वाचायला शिकलेली! आधी रागच आला. मग वाचनालयातले चेहरे आठवायला लागले. "बोअर आहे हो," म्हणत दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत करणारे. मी मनातल्या मनात त्यांना आळशी ठरवून मोकळी व्हायची. पण त्या धुक्यात मी फिरत असते आणि त्यांच्यासमोर नुसते शब्द. त्यांनी तरी किती वेळ बसायचं? बरं, दिसत नाही म्हणून वाचवत नाही म्हणावं, तर ही आमची लेक पुस्तकं फस्त करते. म्हणजे प्रत्येकाचं आत शिरायचं दार वेगळं. मी सगळ्यांना आपली माझ्याच दारातून ढकलत होते.

"बाबांना बोलणं वाचून दाखव," लेक म्हणाली. "वर्णन गाळ सरळ."

८ फेब्रुवारी, रविवार

गाळलं. तेच पुस्तक, पण नदी नाही, धुकं नाही. नदीकाठी दोन बहिणी मुक्कामाचं घर चालवतात, तिथून एका पाहुण्याची पेटी नाहीशी होते. थेट बहिणींच्या बोलण्यापासून सुरुवात केली.

पाचव्या मिनिटाला फरशीकडून आवाज आला — "थोरली खोटं बोलतेय."

"कशावरून?"

"रात्री मी बाहेर गेलेच नाही, असं तीनदा म्हणाली. विचारलंय का तिला कोणी? दुकानदार असेच. मी आत पाऊल टाकायच्या आधीच सुरू — साहेब, काटा एकदम चोख आहे हं! तिथेच कळायचं मला. वाच पुढे."

वाच पुढे! ह्यांच्या तोंडून! मी पदर... छे, पदर कसला, बाहीनेच डोळे पुसले आणि वाचत सुटले. दिवसभरात एकदाही "पाठीवर होऊ का" नाही. घसा बसलाय. बसू दे.

९ फेब्रुवारी

आज चोरी पकडली गेली. पेटीची नव्हे, माझी!

धाकटी थोरलीला म्हणते, "तू बाहेर गेली होतीस, हे मला त्याच सकाळी कळलं होतं." मी पुढचं वाक्य घेतलं, तेवढ्यात, "थांब. कशावरून कळलं तिला?"

"कळलं असेल."

"असं कसं असेल? मागे काहीतरी गाळलंस तू. वजन कमी भरतंय."

कपाळावर हात मारला. आता लपवणार काय! मागे जाऊन बघितलं, तर खरंच, पान-दीड पान उजेडाचं वर्णन म्हणून सोडलं होतं, त्यात उंबरठ्यावर थोरलीच्या चपला होत्या. ओल्या, तळाला चिखल. कबूल केलं. "ग्राहकाची फसवणूक," म्हणाले, आणि उशीत तोंड खुपसून इतके हसले की मलाच भीती, बुडबुडा हलतोय की काय!

मग म्हणाले, "आता सगळं वाच. उजेडबिजेडसुद्धा. काय कामाला येईल सांगता येत नाही."

"पण तुम्हाला दिसणार नाही ना?"

"नसू दे. ठाऊक तर होईल."

११ फेब्रुवारी

पेटी मिळाली, थोरली खरं बोलली, पुस्तक संपलं. "बरी होती," म्हणाले. आणि लगेच, "दुसरी आहे का?"

१२ फेब्रुवारी

पालथं राहणं संपलं! पडदा छान चिकटलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढे शहाण्यासारखे पडून राहिलेले पेशंट मी कमी पाहिलेत." आम्ही दोघं एकमेकांकडे तोंड करून हसलो. तोंडाकडे तोंड — किती दिवसांनी! पण त्यांना मी अजून दिसत नाही. बुडबुडा विरेपर्यंत सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं. तो लहान होत जाईल तसतसं वरून खाली दिसू लागेल म्हणे. मधे एक रेघ असते, ती हळूहळू खाली सरकते.

१८ फेब्रुवारी

सकाळी माझ्यासमोर येऊन उभे. "केस दिसले. पांढरे झालेत की गं!"

"ते केव्हाच झालेत."

"हो? बरे दिसतात."

२१ फेब्रुवारी

कपाळ. भुवया.

२४ फेब्रुवारी

डोळे! रेघ माझ्या नाकावर आली आहे. मला खिडकीपाशी उभं करून बघत राहिले. दूध उतू गेलं. जाऊ दे.

आज वाचनालयात परत रुजू झाले. एक गृहस्थ नेहमीसारखे "बोअर" म्हणत पुस्तक घेऊन आले. आधीची मी असते तर डोळे वटारले असते. आज विचारलं, "तुम्हाला वाचताना दिसतं, की ऐकू येतं?" आधी त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मग खुर्ची ओढून बसले, निघता निघेनात. जाताना नुसत्या संवादांचं एक पुस्तक घेऊन गेले. त्या डॉक्टरीणबाईंचे, लेकीचे, त्या खोटारड्या थोरलीचेसुद्धा — कोणाकोणाचे आभार मानू?

१ मार्च

हनुवटी.

४ मार्च, बुधवार

आज पहिल्यांदा एकटेच बाहेर जाऊन आले. दारात थांबले. एक बूट हातात, नजर माझ्यावर. मी हसून म्हटलं, "रोज रोज काय बघता हो?"

म्हणाले, "अगं, गोष्टीतलं घर दिसत नाही म्हटलं होतं ना मी? तसंच तुझंही. जिना उतरलो की तुझा चेहरा जातो. कितीही आठवला तरी येत नाही. म्हणून घरी आलो की आधी बघून घेतो. ऑपरेशनच्या दिवशी वाटलं, हे शेवटचं."

एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी!

मी चष्मा काढला आणि तशीच उभी राहिले. दुसऱ्या बुटाचं आज काही बोलले नाही.