झाकलेली वाटी

शेवगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६८

ईदच्या सकाळी शेजारच्या रहीमभाईंची म्हातारी आई शेवयांची वाटी घेऊन आली होती, रुमालाने झाकलेली. दरसाल ती कोरड्या शेवया द्यायची, यंदा शिजवून आणल्या. शिजवलेलं आमच्यात चालत नाही, म्हणून मी हात जोडून वाटी परत केली.

"व्हय बाबा, माझंच चुकलं," म्हणाली.

तिचं कसलं चुकलं? कार्तिकात ती वारली. देवापुढे डोळे मिटले की ती झाकलेली वाटीच दिसते.

आज बाजारात रहीमभाईंच्या शेवयांच्या पालापुढे थांबलो. एकीकडे कोरड्यांच्या पुड्या, बाकाशेजारी चुलीवर शिजवलेल्यांचं पातेलं. त्यांनी सवयीने कोरड्यांची पुडी पुढे केली.

"शिजवलेल्या द्या."

"आण्णा, हितं? समद्यांदेखत?"

बाकावर बसलो आणि वाटीभर खाल्ल्या. तिच्या हातच्या नव्हत्या.