शाळा सोडण्याचे कारण

जळगाव जामोद,
१२ डिसेंबर १९६३

ती. सुभद्राताईस धाकट्या रुक्मिणीचा नमस्कार.

पाहणीच्या कागदावर एका मुलीचे कारण लिहिताना हात अडला, म्हणून हे पत्र लिहावे लागले.

माझा खोकला किरकोळ आहे, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

मुलींनी शाळा का सोडली, ते आम्ही घरोघर विचारतो. काल दहा वर्षांची चांगुणा भावाला कडेवर घेऊन उभी होती. "पटावर नाव आहे, मग जात का नाहीस?" मी दटावले.

"माय कापूस वेचाले जाते. याले शाळेत नेलं त रडते, मंग मास्तर हाकलते. तुमाले लहानपणी कोनं सांभाळलं वो बाई?"

छापील कारणांत नावड होती, गरिबी होती, भावंड सांभाळणे नव्हते. तो रकाना मी हाताने आखला.

अमडापूरच्या शाळेत तू मला कडेवर नेत होतीस. मी रडले की बाहेर पायरीवर बसून आतले पाढे म्हणायचीस. मी कॉलेजात गेले. तू सतराच्या पाढ्यावर थांबलीस. तुझी शाळा माझ्यापायी सुटली, हे मी आजवर बोलले नाही.

तुझी,
रुक्मिणी

तुमच्याकडे निघालेल्या जानरावांच्या हाती दिले: हे पत्र, एक पाटी, पेन्सिलींची डबी, अंकलिपी. सर्व तुझ्यासाठी. नातवंडांना देऊ नयेस.