फ्रिजवरचा रजेचा अर्ज

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७
ताप ९९.२. अंग ठणकतेय. नियमाप्रमाणे फ्रिजवर रजेचा अर्ज लावला. नियम माझाच. श्रीहर्षला इथे बंगळूरच्या शाळेत मराठी नव्हते, म्हणून घरी अभ्यासाला दांडी मारायची तर मराठीतून अर्ज आणि त्यावर लाल पेनने माझा शेरा. आता तो तेवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो आणि शेरे तोच मारतो.
अर्जात ताप १०० लिहिला. राउंड फिगर केली. खोटे नाही.
मॅग्नेट एकच, त्यामुळे आधीचे कागद खाली गेले. गॅसचे बिल वगैरे.

रात्री ८
शेरा: 'अक्षरावरून अर्जदार धडधाकट वाटतात. तरीही दोन दिवस मंजूर.' हसता हसता खोकला आला. मिरीचे सार त्यानेच केले. मला मॅडम म्हणतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ताप ९८.४. पण अशक्तपणा मोजायचे यंत्र अजून निघालेले नाही.
श्रीहर्षचा मित्र गिरीराज एचएसआर लेआउटला भाड्याने फ्लॅट घेतोय, दोघांच्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर. बनशंकरीहून श्रीहर्षचे रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये जातात. मुलांना धरून ठेवणाऱ्या आयांतली मी नाही. त्याने तिकडे जाऊ का विचारले, तर त्याच मिनिटाला हो म्हणणार. आजच्या तारखेला लिहून ठेवते. विचारायला मात्र हवे त्याने.
मुदतवाढीचा अर्ज लावला. शेरा: 'मंजूर. अर्जदारांनी सकाळी तीन डोसे खाल्ले, याची नोंद घेतली आहे.'

९ नोव्हेंबर, रविवार
हुबळीहून यांचा फोन. बदली झाल्यापासून रविवारीच करतात. म्हणाले, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत तर पडून कशाला राहतेस. मी नंतर स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, आपण ढोंग करतोय का? नाही असे उत्तर आले. पुन्हा विचारले. पुन्हा नाही.
श्रीहर्ष बराच वेळ फ्रिजपुढे उभा होता. फ्रिजवरचे सगळे वाचलेस का, म्हणाला. मी म्हटले, डोळे दुखतात रे. त्याने डोके चेपून दिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
वरच्या मजल्यावरची कावेरीअक्का आली. स्वल्प चाल, सगळे सरी होईल, म्हणाली. सरी म्हणजे ठीक. देवळापर्यंत चालत गेलो आणि चालतच आलो. दम लागला नाही. हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.
श्रीहर्ष यायच्या वेळेला आडवी झाले. चालणे झाले होते ना.
संकल्प: उद्यापासून रजा बंद.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
संकल्प सोमवारपासून. आठवड्याच्या मधूनच कशाला.
डाळीला फोडणी देताना श्रीहर्ष म्हणाला, गिरीराज शनिवारपर्यंतच थांबणार आहे. कशासाठी, ते मी विचारले नाही. चक्कर आल्यासारखे वाटले. 'आल्यासारखे' असेच लिहिते, जास्त लिहिणार नाही.
अर्ज लावला. शेरा: 'मंजूर.' बाकी काही नाही. दमला असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज एकदम बरे वाटले. पोहे केले.
खाताना त्याने सांगितले, गिरीराजने दुसरा पार्टनर घेतला. मी मोठ्या मनाने म्हटले, अरे, मला विचारायचेस तरी, मी हो म्हटले असते.
तो उठला. मॅग्नेटखालचे सगळे कागद घेऊन आला. माझे तीन अर्ज, गॅसचे बिल आणि तळाचा कागद माझ्या हातात दिला. त्याचा अर्ज. तारीख ३ नोव्हेंबर. 'मातोश्रींस सविनय, घरातून कायमची रजा मिळावी. दर रविवारी हजर राहीन. धुण्याचे कपडे आणणार नाही.' खाली शेऱ्यासाठी जागा सोडलेली.
"तू हा वाचला होतास, आई. कोपऱ्यावर तुझा हळदीचा अंगठा आहे."
मी म्हटले, मला तेव्हा ताप होता.
"ताप दुसऱ्या दिवशी आला."
पोहे मात्र त्याने संपवले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
श्रीहर्ष घरीच राहतो. सकाळी साडेसातला जातो, रात्री नऊला येतो. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो. मॅडम म्हणत नाही.
संध्याकाळी ताप. १०१.४. दोनदा मोजला. अर्जात १०१.४ च लिहिले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी
सकाळी त्याने उशाशी गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवला. काही लागले तर फोन कर, म्हणाला. फ्रिज उघडून दूध काढले, फ्रिज बंद केला, गेला. अर्ज कालपासून तसाच.
दुपारी उठून लाल पेन शोधले आणि मीच 'मंजूर' लिहिले. पुढे शेरा काही सुचला नाही.