चारी बाजूंनी ग्लू

३ मार्च, सोमवार. सकाळ.
आजपासून राग बंद. कॉलेज सोडलं ते प्रोफेसरांच्या टेबलावर जर्नल आपटून. ते योग्यच होतं, पण रोज रोज तसं करता येत नाही. मामाच्या ओळखीने मॅग्नेट लॅबमध्ये हेल्पर लागलोय. संकल्प : वर्षभरात शास्त्रज्ञ व्हायचं. मग लग्न. मुलगी ठरलेली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

तोच दिवस. संध्याकाळ.
मुलगी म्हणजे आमच्या लॅबमधली संशोधक. बाकी सगळ्यांना नावाने हाक मारते. मला ‘अरे ऐक ना’ म्हणते. फरक उघड आहे.

५ मार्च.
तिचं काम समजून घेतलं. तिच्या क्रिस्टलमध्ये अणूंची इवली इवली चुंबकं असतात. ती सरळ उभी राहत नाहीत, पीळ घेतात. थंड करून मोठ्या मॅग्नेटमध्ये ठेवलं की त्यांचे गोल भोवरे होतात, ओळीने, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. क्रिस्टलला ताण दिला तर भोवऱ्यांचं काय होतं, ते तिला बघायचंय. ताणही किती, तर डोळ्याला कळणार नाही इतका. म्हटलं, माझ्या मनाचंही असंच आहे. म्हणाली, चिमटा दे.

७ मार्च.
वरच्या मजल्यावरचा चश्मिश आला होता. कॉम्प्युटरवर भोवरे काढतो म्हणे. खरा क्रिस्टल जन्मात हातात धरलेला नाही. तिच्याशी किती वेळ बोलत होता! मी तेवढ्यात सगळ्या खुर्च्या पुसल्या, त्याचीही, त्याला उठवून. राग आला नाही. कप फुटला तो ओला होता म्हणून.

११ मार्च.
मोठा दिवस! तिला ताप आलाय, म्हणून क्रिस्टलची चकती काचेवर चिकटवायचं काम माझ्याकडे. वर्षभर वाढवलेला क्रिस्टल, त्याच्या मोजक्याच चकत्या. फोनवर म्हणाली, एका कोपऱ्याला टाचणीच्या टोकाएवढा ग्लू लाव, बस्स. ताप असल्याने तिचा आवाज फार केविलवाणा. टाचणीच्या टोकावर कसला भरवसा? निसटली तर? चारी बाजूंनी लावला. प्रेमात काटकसर नको.

१४ मार्च.
चमत्कार. अजून ताण दिलेलाच नाही, नुसतं थंड केलं, आणि भोवरे लंबगोल! ती खुर्चीतून उठून ओरडलीच. माझा हात हातात घेऊन हलवला. (उजवा.) चश्मिश धावत खाली आला. परिषदेत वाचायचा निबंध तिने आजच पाठवून दिला. आईला सांगितलं, माझं मोठं काहीतरी होणार. आई म्हणाली, आधी अंघोळ कर.

१७ मार्च.
चश्मिश जळला. म्हणतो, त्याच्या गणितात असे भोवरे तेव्हाच येतात, जेव्हा क्रिस्टल आधीच ओढलेला असतो. तिने मला विचारलं, थेंबच लावला होतास ना? मी अभिमानाने सांगितलं, छे, चारी बाजूंनी!
तिने हातातला पेन खाली ठेवला.
मग तिने समजावलं. थंडीत क्रिस्टल आकसतो, खालची काच तेवढी आकसत नाही. चहूकडून धरून ठेवला तर आकसता येत नाही, ओढला जातो. म्हणजे ताण मीच दिला होता. निबंध मागे घ्यावा लागणार. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्री जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१९ मार्च.
मी वाचलो! ते दोघं म्हणतात, यंत्राशिवाय नुसत्या ग्लूने ताण देता येतो, हेही दाखवण्यासारखं आहे. फक्त ते पुन्हा जमायला हवं, तर निबंध वाचेल. ती म्हणाली, तूच कर, अगदी तेव्हासारखं. ‘तूच.’ चश्मिशचा चेहरा पाहिला. साधाच होता, पण आतून पडला असणार.

२१ मार्च.
पहिली चकती. भोवरे गोल गरगरीत. ग्लू सुकलाच नव्हता. हवा दमट.

२४ मार्च.
दुसरी. अर्धे लंबगोल, अर्धे गोल. तिने विचारलं, तेव्हा ग्लू किती लावला होतास रे? आठवेना. मनापासून लावला होता, म्हणालो. चश्मिशने पेन उघडून विचारलं, मनापासून म्हणजे किती मिलिग्रॅम?
आज राग आला. तिसरी चकती चिमट्यात होती. तिचे दोन तुकडे झाले.

२६ मार्च.
शेवटची चकती. सकाळी दाढी करून, नवा शर्ट घालून गेलो. हात बर्फासारखा स्थिर होता. ती चश्मिशला म्हणाली, ही तू लाव. तो म्हणाला, माझा हात थरथरतो गं. तर तिने त्याचं मनगट धरलं. ग्लू सुकेपर्यंत धरून होती. ग्लू सावकाश सुकणारा होता.
मला टॉर्च धरायला दिला. चश्मिश म्हणाला, थोडा डावीकडे घे. घेतला. ती म्हणाली, हलू देऊ नकोस हं.
हलू दिला नाही.