फुलांची संख्या शून्य

३ एप्रिल, सकाळी ७.१०
महिनाअखेरीस कॉलनीची बागस्पर्धा. पहिलं बक्षीस यंदा आपलंच. गॅलरीत दगडांची बाग तयार: अठरा दगड, मुरमाड माती, नर्सरीतून आणलेली चिनी गुलाबाची चोवीस रोपं. नापीक जमिनीतही बहरतात. रोज सकाळी सव्वासातला आणि संध्याकाळी सहाला फुलमोजणी. खंड नाही.

९ एप्रिल
सकाळी शून्य. संध्याकाळी शून्य. मिटलेल्या कळ्या मात्र पुष्कळ. छापखान्यात प्रुफांवरून मन उडालं होतं. तरी आठ चुका पकडल्या.

१२ एप्रिल, रविवार
दर रविवारसारखा दहा ते चार ग्रंथालयात. न फुलण्याची अकरा कारणं उतरवून आणली. घरी आलो तर ही म्हणते, अहो, दुपारी काय फुलली होती म्हणून सांगू! माझं मन राखायची तिची जुनी सवय. सहाला मोजली. शून्य.

१७ एप्रिल
शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, भावोजी, तुमच्या गॅलरीवरून नजरच हटत नाही. टोमणा मारावा तर असा.

२० एप्रिल
अठराही दगडांची दिशा बदलली. कंबर धरली. ही म्हणाली, एक दिवस रजा टाका आणि डोळ्यांनी बघा. म्हटलं, झाडं रजेने नव्हे, शास्त्राने फुलतात.

२६ एप्रिल, रविवार
ग्रंथालय. कारणं सतरा झाली. संध्याकाळी स्पर्धेतून नाव मागे घेतलं. अर्जावर 'फुलं: शून्य' असं स्वच्छ लिहून दिलं. सेक्रेटरी म्हणाले, अहो, खुळे की काय? तत्त्वाशी तडजोड नाही. हिने विचारलं, मग माझं नाव घालू? म्हटलं, खुशाल घाल. हसं तुझं होईल.

२ मे
बक्षीस समारंभ. पहिलं बक्षीस हिला.
परीक्षक भर दुपारी बारा वाजता येऊन गेले होते म्हणे. फुलं दहा-साडेदहाला उघडतात आणि तीनपर्यंत मिटतात, हे वहिनींनी मला सर्वांदेखत समजावलं. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे म्हणतात. पहिली पानं नवशिक्यांसाठी असतात. मी नवव्यापासून वाचतो.
सभागृहाच्या भिंतीवर आमच्या गॅलरीचा फोटो लावला होता, त्यात फुलं मोजली. एकशे चौदा. परीक्षकांनी शंभर लिहिली होती, दुरुस्ती सुचवली.
मग त्यांनी हिला यशाचं रहस्य विचारलं. ही माइकवर म्हणाली, झाडांचं काही नाही हो, उन्हात सोडून द्यायची. यांना तेवढं रविवारीसुद्धा घराबाहेर ठेवावं लागतं.
टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या.